तामलवाडीची बिनहळदीची येळवस

आमच्या प्रयोगशाळेत डिसेंबर लागला की रजेच्या गप्पा सुरू होतात. कुणी केरळला जातं, कुणी अंदमानला, आणि परत आल्यावर आठवडाभर मोबाइलवरचे फोटो दाखवून आमचा जीव खातं. यंदा मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, "तामलवाडीला." ते कुठं आलं, तिथं बघायचं काय, राहायची सोय कशी, असे प्रश्न झाले. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर आहे, बघायला ज्वारी आहे आणि राहायला मैत्रिणीचं घर आहे, एवढं ऐकल्यावर सगळ्यांचा उत्साह मावळला. त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे, फोटो न दाखवता.

मैत्रीण म्हणजे मंगल. कळंबच्या शाळेत पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढं मी शिकत शिकत पुण्याला आले आणि ती लग्न होऊन तामलवाडीला गेली. तिच्या नवऱ्याला, दत्ताला, मी दाजी म्हणते. दाजी फोनवर आले की आधी पाऊसपाणी, मग कांद्याचा भाव, मग आमच्या पुण्याची गर्दी, असं सगळं झाल्यावर मुद्द्यावर येतात. या खेपेला मात्र सरळ म्हणाले, "ताई, येळवशीला या. मंगल धड जेवंना. तुमी पेशीवाल्या हाव, तुमचं ऐकंल ती."

पेशीवाली ही माझी तिकडची पदवी. आईच्या पिशवीत गर्भ रुजतो तेव्हा तिथल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी काय करतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय. पेशंट तपासणारी डॉक्टर मी नाही. काचपट्ट्या, रंगद्रव्यं आणि सूक्ष्मदर्शक एवढाच माझा संसार. हे मी तामलवाडीत कितीदा सांगितलं असेल, पण तिथं कुणाच्या पोटात दुखलं तरी मला फोन येतो.

मंगलचं पोटातलं दुखणं मात्र खरंच माझ्या विषयातलं होतं. तिला तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा राहिलं नाही. मग सोलापूरला उपचार घेतले, आणि त्यातला शेवटचा एक गर्भ तिथं दवाखान्यात गोठवून ठेवलेला होता. तो पिशवीत सोडून घ्यायला मंगलनं जायचं, एवढंच बाकी होतं, आणि ती जायलाच तयार नव्हती. का, ते दाजींना सांगता येईना. "तुमीच इचारा," म्हणाले.

कळंब

तामलवाडीला जायचं तर पुण्याहून सोलापूरची गाडी धरणं सोपं. मी वाकडी वाट करून आधी कळंबला उतरले. काम काहीच नव्हतं. आईवडील आता नाहीत, आमचं भाड्याचं घर केव्हाच दुसऱ्याकडं गेलं, तरी धाराशिव जिल्ह्यात पाऊल टाकायचं आणि कळंबला न जाता पुढं सरकायचं हे मला जमत नाही.

वडील बाजार समितीत कारकून होते. त्यांचा डबा घेऊन मी जायची तेव्हा आडतीत तुरीचे ढीग लागलेले असायचे आणि त्यांच्या कडेकडेनं चप्पल हातात घेऊन चालावं लागायचं. आता सोयाबीनचे ढीग जास्त दिसतात, पण वास तोच आहे, धुळीचा, गोणपाटाचा आणि नव्या धान्याचा. मी उगाचच एका आडतीसमोर रेंगाळले. तिथल्या हमालानं "काय पायजे, ताई?" विचारलं. वास घ्यायला आलेय असं कसं सांगणार? "काही नाही, बघतेय," म्हणाले आणि पुढं निघाले. तो माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला असावा.

शाळेच्या भिंतींवर आता रंगीत चित्रं आली आहेत. फाटकाशी बोरं विकणारी बाई बसायची, तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मी तिथं उभी राहून मंगलला फोन लावला आणि म्हणाले, "ओळख मी कुठं उभी आहे." पूर्वी तिनं पहिल्या फटक्यात ओळखलं असतं. ती नुसती "व्हय का" म्हणाली. त्या दोन शब्दांनी माझा कळंबचा सगळा आनंद पातळ झाला.

येळवस म्हणजे काय, हे पुण्यामुंबईकडच्यांना सांगावं लागेल. मार्गशीर्षातली अमावस्या ती येळवस. हा सण लातूर, धाराशिव, सोलापूर आणि खाली कर्नाटकाच्या अंगाला, एवढ्याच टापूत. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. त्यांची पूजा झाली की काळ्या आईची ओटी भरायची. ज्वारी तेव्हा पोटऱ्यात असते, म्हणजे कणीस अजून ताटाच्या, म्हणजे धाटाच्या, पोटातच असतं, म्हणून हे जमिनीचं डोहाळजेवण. मग माणसांचं जेवण. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्यानं बोलवायचं आणि रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवायचं, ही रीत.

आमच्या घरी येळवस नव्हती, कारण शेत नव्हतं. बोलावणं मात्र चुकायचं नाही. मंगलचे वडील स्वतः येऊन सांगून जायचे. एका वर्षी आम्ही पोहोचलो तेव्हा तिच्या चुलतीनं आमच्या पत्रावळ्या जरा अलीकडं, बांधाच्या कडेला मांडल्या होत्या. आम्ही बौद्ध आणि ते गावातले मोठे शेतकरी, त्यामुळं असं का हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वडील मुकाट्यानं बसले. तेवढ्यात मंगल आपली पत्रावळ दोन्ही हातांत धरून खीर सांडत सांडत आली आणि माझ्या मांडीला मांडी लावून बसली. चुलती ओरडली, "मंगे, हिकडं ये!" ती म्हणाली, "मला हितंच भूक लागती." मग तिचे वडीलही आपलं पान घेऊन आमच्याकडं आले आणि बघता बघता अर्धी पंगत बांधावर सरकली. चुलतीला शेवटी तिथंच वाढायला यावं लागलं. घरी परतताना वडील इतकंच म्हणाले, "पोरगी गुणाची आहे." मला ती तेव्हापासून जिवापाड आवडते.

कळंबहून निघताना खव्याचे पेढे घेतले. आमचा भाग खव्यासाठी नावाजलेला, रिकाम्या हातानं कसं जायचं? एसटीत शेजारच्या आजीबाईंनी पुड्याकडं बघितलं आणि विचारलं, "पेढं? पोरगा झाला जणू कुणाला?" आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा पुडा घेऊन मंगलच्या दारात उतरायचं म्हणजे गल्लीतली प्रत्येक बाई तिला हेच विचारणार. एवढी शिकले, पण अक्कल पुण्यातच ठेवून आले होते. मी आजीबाईंना पेढा दिला, पुढच्या बाकावर दिला, मागच्या बाकावर दिला. कशाचे म्हणून ज्यांनी विचारलं त्यांना "बदलीचे" असं ठोकून दिलं. कंडक्टरनं दोन घेतले आणि बढती झाली का म्हणून चौकशी केली. तुळजापूर येईपर्यंत पुडा रिकामा झाला होता.

तामलवाडी

दाजी फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे होते. घरी गेले तर अंगणात मंगल आणि तिची सासू कौसाबाई वालाच्या, तुरीच्या, हरभऱ्याच्या शेंगांचा ढीग घेऊन सोलत बसलेल्या. येळवशीच्या भज्जीला हे सगळं लागतं. मंगल उठून आली आणि मी तिला मिठी मारली तर हाताला बरगड्या लागल्या. शाळेत कबड्डी खेळताना जिच्या कमरेला धरून आम्ही तिघीतिघी लोंबकळायचो, ती हीच का, असं वाटून मला भरून आलं. मी काहीतरी विनोद केला. तो पडला.

मीही सोलायला बसले. कौसामावशी चहा टाकायला आत गेल्या तशी मी विचारलं, "हे काय करून घेतलंयस?"

"कमी करायलीय," मंगल म्हणाली.

"वजन?"

"प्रतिकारशक्ती."

मला वाटलं ती माझी गंमत करतेय. ती मान खाली घालून शेंगा सोलतच होती. मग तिनं सगळं सांगितलं. सोलापूरच्या आधी ती लांबच्या एका मोठ्या शहरात एका दवाखान्यात जाऊन आली होती. तिथं हाताचं रक्त तपासलं आणि सांगितलं, की तुमच्या मारक पेशी वाढल्यात. तुमची प्रतिकारशक्ती फार तेज आहे, ती गर्भाला परकं समजून मारते. त्यावरची महागडी सुई घ्यायलाही सांगितलं होतं. मंगलनं सुई घेतली नाही, पण बोलणं मनात घेतलं.

"कोरोनात आत्याबाईनी मला रोज काढा पाजला, सुजे. गुळवेल, हळद, आलं, मिरं. सकाळ-संध्याकाळ. तवाच तिसरं राहिलं हुतं." आत्याबाई म्हणजे तिची सासू. "प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून पाजला. वाढली की मग. आन् तिनं खाल्लं त्येला."

म्हणून आता उलटा उपाय चालला होता. टीव्हीवर, पुड्यांवर, जिथं जिथं 'प्रतिकारशक्ती वाढवते' असं लिहिलेलं असतं ते सगळं तिनं सोडलं होतं. हळद, आलं, लिंबू, तूप, अंडी, आवळा, गूळ. दिवसाला एखादी भाकरी, तीही कोरडी.

"कमजोर झाले की जाईन सोलापूरला. त्याच्याआदी त्येला माझ्या पोटात आणायचं म्हंजी बळी द्यायचा. तिथं बर्फात सुखरूप तरी हाय."

माझ्या तोंडातून एकदम एवढं शास्त्र बाहेर पडलं की मलाच त्याचं काही कळेना. भरात आले की मी अशी बोलते, आणि ऐकणारा गार होतो. मंगलनं माझ्या पुढ्यात आणखी शेंगा ओतल्या. "उद्या सांग. आज सोल गुमान."

"मावशींना माहीत आहे हे?"

"म्या बोलले न्हाय कधी. पर त्यांनी सैपाकात हळद घालायची बंद केली. इचारलं न्हाय, बोलल्या न्हाईत. आपली बंद केली."

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या. त्यात आलं नव्हतं.

येळवस

पहाटेपासून चुली पेटल्या होत्या. उंडे, म्हणजे बाजरीचे वाफवलेले गोळे, तिळाची भाकरी, शेंगाची पोळी, गव्हाची खीर, आंबील आणि भज्जी. भज्जी ही काय चीज आहे हे सांगून कळणार नाही. सगळ्या सोललेल्या शेंगा, पालेभाज्या, आंबट चुका, बेसन, असं एका पातेल्यात तासन्‌तास रटरटत असतं आणि तिचा पिवळाजर्द रंग दुरून दिसतो. कौसामावशींच्या पातेल्यातली भज्जी मात्र फिकट, आजाऱ्याच्या चेहऱ्यासारखी होती. मला आदल्या दिवशीचं सगळं आठवलं आणि मी नजर वळवली.

शेत गावापासून चालत जाण्याएवढं. दाजींच्या डोक्यावर आंबिलीचं मडकं, मावशींकडं भाकरीची पाटी, माझ्याकडं पूजेचं ताट. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेली होती आणि ताटांची पोटं फुगलेली होती. मावशी येता-जाता एखाद्या ताटावरून हात फिरवत होत्या. सासूसुनेनं मिळून पूजा केली, ओटी भरली, दोघींनी एकमेकींना कुंकू लावलं आणि एक शब्द बोलल्या नाहीत. भांडण असतं तर बरं झालं असतं. दोघी एकमेकींशी इतक्या सांभाळून वागत होत्या की मलाच गुदमरल्यासारखं होत होतं.

जेवायला बसणार एवढ्यात दाजींनी रस्त्यानं चाललेल्या मोटारसायकलला हाक मारली. सोलापूरकडं निघालेले दोघं होते, बियाण्यांच्या कुठल्याशा कंपनीचे. नको नको म्हणत आले, बूट काढले आणि ताव मारायला लागले. त्यातला एक वयानं मोठा आणि बोलका. उंड्याचा घास भज्जीत बुडवून त्यानं खाल्ला, परत बुडवून बघितला आणि हसत म्हणाला, "मावशी, भज्जी लई झ्याक झाली. पर हळद टाकायची इसरलाव जणू?"

माणूस मोकळेपणानं बोलला. त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं. पण मंगलनं हातातला उंडा पत्रावळीवर ठेवून दिला. मावशींच्या हातातला चमचा खिरीच्या भांड्यात तसाच राहिला. दाजी घाईघाईनं म्हणाले, "घ्या वो पाव्हणं, आंबील घ्या." पाहुण्यांना काहीतरी चुकलं एवढं कळलं. त्यांनी जेवण उरकलं, दोघांनी मावशींच्या पाया पडून निरोप घेतला, आणि दाजी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले.

ते गेल्यावर मावशी माझ्यासमोर येऊन बसल्या. मंगल शेजारीच होती, पत्रावळीवरचा उंडा तसाच.

"सुजाता, तू त्यातलीच हाईस नव्हं? मग मला खरं सांग," मावशी म्हणाल्या. "माझ्या काढ्यानं गेलं का लेकरू?"

मंगलनं दचकून वर बघितलं. इतकी वर्षं दोघींनी एकमेकींपासून लपवलेली गोष्ट अशी उन्हात येऊन पडली होती.

"नाही, मावशी. काढ्यानं नाही गेलं."

"तसं कसं? प्रतिकारशक्ती वाढावी म्हणूनच पाजला की म्या."

"काढ्यानं पिशवीतल्या पेशींवर काहीएक होत नाही. आणि मंगलचं जे तपासलं ते हाताच्या शिरेतलं रक्त. पिशवीतल्या पेशी वेगळ्या. घराणं एक, म्हणून नाव एकच लागलं. रक्तातल्या त्यांच्या चुलत बहिणी रोगट पेशी मारतात. पिशवीतल्यांचं काम दुसरं आहे."

"काय काम?"

मी आदल्या रात्री पडल्या पडल्या जे जे जुळवून ठेवलं होतं ते सगळं विसरले, आणि बरंच झालं. "पिशवीला आतून अस्तर असतं. ते दर महिन्याला नव्यानं तयार होतं. त्यात या पेशी दाटीनं जमतात. गर्भ आलेला नसतो तरी आधीच जमतात. गर्भ आला की तो अस्तरात रुजतो. त्याला आईचं रक्त पोहोचायला पाहिजे, पण तिथल्या शिरा बारीक, आखडलेल्या असतात. त्या सैल करायला, रुंद करायला या पेशी मदत करतात, म्हणजे पुढं वार चांगली धरते. गर्भानं किती खोल शिरायचं यावरही त्यांचं लक्ष असतं. गर्भ अर्धा बापाकडचा, म्हणजे आईच्या अंगाला परकाच. तो परका आहे हे त्यांना कळतं, आणि कळूनही त्या त्याची सोय बघतात."

मावशी लक्ष देऊन ऐकत होत्या. "म्हंजी पाव्हणा यायच्या आदी घर सारवून ठिवणाऱ्या बाया."

"तसंच काहीसं."

"आन् पाव्हणा न्हाय आला तर?"

"मग पाळी येते. अस्तर जातं, त्याच्याबरोबर त्याही जातात. पुढच्या महिन्यात परत पहिल्यापासून."

"दर म्हैन्याला?" हे मंगलनं विचारलं.

"दर महिन्याला."

"कोण येणार का न्हाय ते ठाव नसताना?"

"हो."

मंगलचा चेहरा शाळेत पडून गुडघा फुटल्यावर व्हायचा तसा झाला. "पाळी आली की म्या शिव्या घालायचे गं माझ्या पोटाला. इतकी वर्सं. वांझोटं म्हणायचे, हडळ म्हणायचे. आन् आत ह्ये चालू हुतं?" आणि ती मोठ्यानं रडायला लागली. मी तिला अनेक वर्षांत रडताना ऐकलं नव्हतं. मलाही रडू आवरेना. रोज सूक्ष्मदर्शकाखाली मी त्या पेशी बघते, त्यांवर निबंध लिहिते, पण त्या कुणाच्या तरी अंगात राबत असतात आणि त्या बाईला ते कुणी सांगितलेलं नसतं, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

"मग गेलं कशानं?" मावशींनी विचारलं.

इथं खोटं बोलणं सोपं होतं. "मला ठाऊक नाही," मी म्हणाले. "पुष्कळदा गर्भाच्या घडणीतच पहिल्यापासून काही उणं असतं, आणि ते कुणाच्याच हातात नसतं. कधी कधी या पेशींचाही ताळमेळ बिघडतो असं काही जण म्हणतात. त्यावर आमच्या लोकांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. या खेपेला राहील असं मी सांगू शकत नाही. पण मंगल, उपाशी आईचा बाळाला काही उपयोग नाही, हे सांगायला एवढं शिकावं लागत नाही."

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "हळदीचा डबा दिसला की म्या त्यो मागं सारायचे," त्या म्हणाल्या. "वाटायचं, आपल्याच हातानं पाजलं."

"मग बोलला का न्हाईत?" मंगल म्हणाली.

"तू बोललीस का?"

मंगलनं उंडा उचलला, फिकट भज्जीत बुडवला आणि खाल्ला. दाजी परत आले तेव्हा तिघी बाया डोळे पुसत जेवत होत्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "कायबी न्हाय," मावशी म्हणाल्या, "बस तू." मग मी आंबील इतकी प्याले की कोपीच्या सावलीत झोपच लागली. आंबिलीनं गुंगी येते, हे पुण्यात राहून विसरले होते. जाग आली ती ऊन तोंडावर आल्यावर, आणि माझ्या हातापायांवर मुंग्यांनी बिनबोलावता येळवस मांडली होती.

नळदुर्ग

मंगल सोलापूरला जायला तयार झाली, आणि दाजींनी दवाखान्यात फोन लावला तर वेळ एक दिवस सोडून मिळाली. मधल्या दिवशी काय करायचं, तर मंगल म्हणाली, "नळदुर्गला जाऊ. शाळेच्या सहलीत गेलो हुतो." दाजींनी मेव्हण्याची जीप आणली आणि आम्ही चौघं निघालो.

सहलीला आलो तेव्हा किल्ल्यातले नर आणि मादी हे दोन्ही धबधबे धो धो कोसळत होते. आता पाणी नव्हतं, नुसता काळा कोरडा दगड. तरी मंगल त्याच कठड्याशी जाऊन उभी राहिली आणि गुरुजींनी तिथं कुणाकुणाला छडी दिली ते मला नावानिशी सांगायला लागली. माझंही नाव त्यात होतं. कौसामावशी पहिल्यांदाच किल्ला बघत होत्या. एवढे दगड कुणी कसे वर चढवले, त्यांना रोज भाकरी कोण पुरवत असेल, हीच काळजी त्यांना शेवटपर्यंत लागून राहिली.

परतताना हैदराबाद रस्त्यावर ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर थांबलो. पुण्यात ढाबा म्हणजे दिव्यांच्या माळा आणि खाटेवर बसून फोटो. इथं खाटेवर ड्रायव्हर घोरत होता आणि पोऱ्यानं न विचारता कांदा आणून टाकला. मंगलनं अंडाकरी मागवली. मावशींनी माळ घातलेली, त्या अंड्याला शिवत नाहीत. पण त्यांनी आपल्या वाटणीची भाकरी मोडून तिच्या ताटात ठेवली. मंगलनं ती खाल्ली, अजून एक मागितली, आणि रस्सा संपला म्हणून वाढणाऱ्याशी हुज्जत घातली. तिचं ते भांडण ऐकताना मला जे सुख झालं, त्यापुढं नळदुर्गचा किल्लाही फिका पडला. दाजी तर पाणी पीत नुसते तिच्याकडं बघत बसले होते.

सोलापूर

दवाखान्यात गर्दी होती. बहुतेक बाया खाली मान घालून बसलेल्या, बरोबरचे नवरे मोबाइलमध्ये. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आमच्याकडं एसटीत दोन थांब्यांत माणसं एकमेकांची सोयरीक शोधून काढतात, पण इथं सगळे अनोळखी राहायलाच आल्यासारखे होते.

मंगलचं नाव पुकारलं. नर्स म्हणाली, "पेशंटसोबत एकानंच यायचं." दाजी सवयीनं उठले. मंगल म्हणाली, "तुमी बसा. आत्याबाई येतील."

मावशी गडबडल्या. "म्या? मला काय कळतंय तिथलं?"

"कळायचं काय त्यात? हात धरून बसा."

दोघी आत गेल्या. मी आणि दाजी बाहेर बसून राहिलो. दाजींनी दोनदा विचारलं, "होईल ना, ताई?" मी दोनदा सांगितलं, की माहीत नाही. बाहेर आल्यावर मंगलनं सांगितलं, की डॉक्टरीणबाई चांगल्याच रागावल्या. अंगात रक्त उरलं नाही, आधी खा-प्या, अंग धरू द्या, मग बघू म्हणाल्या. त्या लांबच्या दवाखान्यातल्या सुईचं काय, हेही तिनं विचारलं. त्याचा भरवशाचा पुरावा नाही, मी तरी देणार नाही, असं उत्तर मिळालं. एवढं बोलून होईपर्यंत मावशींनी तिचं मनगट सोडलं नव्हतं.

मला सोलापूरहूनच पुण्याची गाडी मिळाली. खिडकीशी बसले तेव्हा मंगल खालून ओरडून काहीतरी सांगत होती. इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण ती शाळेतल्यासारखी टाचा उंचावून ओरडत होती आणि तेवढं मला पुण्यापर्यंत पुरलं.

पाडवा होऊन गेल्यावर एका दुपारी तिचा फोन आला. मी हातातली काचपट्टी तशीच ठेवली आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. मधल्या काळात तिचं रक्त भरलं होतं, वजन वाढलं होतं, गर्भ सोडून झाला होता आणि आम्ही सगळे कळायची वाट बघत होतो.

"न्हाय राहिलं, सुजे," ती म्हणाली.

मी तिथंच पायरीवर बसून रडायला लागले.

"तू नको रडू," ती म्हणाली. "आमी रडलो की. आत्याबाई आन् मी, लई रडलो. पर या खेपंला एकमेकीच्या नावानं न्हाय रडलो."